उजव्या पायाचा साचा

प्लास्टरची वीस किलोची तीन पोती, त्यातलं एक फोडलेलं. वरचा पत्रा कापून आडवा ठेवलेला तेलाचा रिकामा डबा एक. नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ एक, व्हॅसलिनची बाटली एक, जुन्या साडीची फडकी चार, छिन्नी आणि लाकडी हातोडी. उमानं एकेका वस्तूवर बोट ठेवत सगळं मोजलं, कारण नवऱ्याचे, हिमांशूचे हात प्लास्टरमध्ये गेले की त्याला नेमकी एखादी गोष्ट सापडत नसे आणि मग तो घर डोक्यावर घेई. शेवटी तिची नजर स्टुलाकडे गेली. स्टुलावर एक मुलगी बसली होती. तिचा उजवा पाय धुवून तयार होता.

"थंडी वाजतेय का गं?"

"नाय, मॅडम," प्रांजली म्हणाली. पण तिच्या पोटरीवर काटा उभा होता.

गारखेड्यातल्या त्या घराचा खालचा मजला म्हणजे हिमांशूचा स्टुडिओ. जानेवारीत तिथली फरशी दुपारपर्यंत बर्फासारखी असे. आज त्यानं विद्यार्थ्यांना सुट्टी दिली होती आणि फाटकाला आतून कडी घातली होती. जिवंत माणसाच्या अंगावरून साचा घेणं म्हणजे चोरी, असं तो स्वतःच पोरांना वीस वर्षं शिकवत आला होता. शिल्पकारानं बघायचं असतं, चिकटवायचं नसतं.

पण बघून झालं होतं. शहराबाहेरच्या एका क्रीडा अकादमीनं आपल्या दारासाठी आठ फुटी धावपटू घडवायला सांगितली होती, शर्यत सुटायच्या क्षणाची, ब्लॉकमध्ये पाय रोवलेली. चार वर्षांत हिमांशूकडे आलेलं हे पहिलं मोठं काम. सगळं अंग मनासारखं उतरलं आणि मागचा पाय तेवढा अडला. त्यानं तो मातीत तीनदा केला. तिन्ही वेळा अकादमीचे प्रशिक्षक रामप्रसाद सर येऊन बघून गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी डोकं खाजवलं.

"हिमांशू सर, गलत समजू नका. पण ह्यो पाय बसची वाट बघायलाय."

हिमांशू आठ दिवस धड जेवला नाही. मग त्यानंच सरांना फोन करून सांगितलं, ज्या पोरीचा पाय तुम्हाला आवडतो ती पोरगी एका सकाळपुरती पाठवा. साच्यातून निघालेला पाय मापानं वाढवून पुतळ्याला लावायचा होता.

"दाताचे डॉक्टर वापरतात तो मऊ माल मिळतो ना रे साच्यासाठी," उमानं आदल्या दिवशी सुचवून पाहिलं होतं.

"ते बाळांच्या पावलांचे ठसे फ्रेम करून विकणाऱ्यांचं काम," तो म्हणाला होता, आणि विषय तिथंच मिटला होता.

उमा मुलीच्या पायाला व्हॅसलिन चोळू लागली. पाय लहानसा, पण टाच दगडासारखी होती. मुलीला गुदगुल्या होत होत्या आणि ती ओठ दाबून हसत होती.

"चाचणी कधी आहे तुझी?"

"पुढच्या महिन्यात. चारशे मीटर अठ्ठावन्नच्या आत मारलं की पुण्याला निवड. राहणं, खाणं, कॉलेज, समदं तिकडंच. मागच्या रविवारी अठ्ठावन्न पॉइंट तीन आलं, मॅडम. एवढंसं राहिलंय." तिनं चिमटीत दाखवलं.

"आणि नाही झालं तर?"

"नाय झालं तर सोयगावला मेंढरं हायतच की. आजी म्हनती, तिकडं फुकट पळती त्यापरीस मेंढरामागं पळ, राखण तरी व्हईल."

दोघी हसल्या. उमाला मुलगी आवडली. म्हणूनच प्लास्टर कालवायची वेळ आली तेव्हा तिनं टाकीचं पाणी घेतलं नाही. ते हाताला झोंबत होतं. तिनं न्हाणीघरातून सोलरच्या कढत पाण्याची बादली आणली, त्यात थोडं गार घातलं आणि कोपर बुडवून पाहिलं, बाळाच्या अंघोळीला पाहतात तसं.

"पोरीला हुडहुडी भरेल नाहीतर," ती म्हणाली.

"चालेल. उलट लवकर घट्ट होईल," हिमांशू म्हणाला.

त्यानं डब्यात लाकडी पाचर बसवली. पावलाच्या मधोमध वरून खालपर्यंत नायलॉनचा दोरा चिकटवला. प्लास्टर लोण्यासारखं झालं की हा दोरा ओढायचा, म्हणजे साचा दोन फाकांत चिरला जातो आणि पाय अलगद सुटतो.

"ब्लॉकमध्ये ठेवतेस तसा ठेव. टाच वर. चवड्यावर भार दे. झकास. आता अर्धा तास हा पाय तुझा नाही, माझा."

"घ्या," प्रांजली म्हणाली.

पांढरं घट्ट पीठ डब्यात ओतलं गेलं. बोटं बुडाली, मग पाऊल, मग घोटा. "बरं वाटायलंय," मुलगी म्हणाली आणि तिचे खांदे सैल पडले. उमानं तिच्या पाठीवर शाल टाकली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. हिमांशू डब्यावर वाकून बोटानं प्लास्टर दाबून पाहत होता.

थोड्या वेळानं प्रांजली उमाकडे वळली. आवाज इतका हळू, की तो उमा एकटीसाठीच होता.

"मॅडम, गरम लागायलंय."

"तापतं थोडं. थंडीत बरंच की."

मुलीनं मान हलवली, जणू तिचीच काही चूक कुणी समजावून सांगितली होती.

हिमांशूनं दोरा ओढला. तो चार बोटं आला आणि तुटला. त्यानं दुसऱ्या टोकानं ओढून पाहिलं, तिकडंही तुटला. प्लास्टर लोण्यासारखं राहिलंच नव्हतं, खडू झालं होतं.

"पाणी गरम होतं," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

उमानं डब्याच्या पत्र्याला तळवा लावला आणि काढून घेतला. मग तिनं तो हात ओढणीला पुसला, काही लागलं असावं तसा.

"डबा चांगलाच तापलाय रे."

"तापणारच. सेट होतंय ते."

प्रांजली समोरच्या भिंतीकडे पाहत होती. तिच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. दोन्ही हातांनी तिनं स्टुलाची कड धरली होती आणि नखांखालचं रक्त हटून बोटं पिवळी पडली होती.

"बोल काहीतरी," उमा म्हणाली. "वेळ जाईल."

"सर म्हनतात, शेवटच्या शंभरात तोंड उघडायचं नाय." दातावरचे दात न काढता ती म्हणाली. "तोंड उघडलं की पाय ऐकतेत."

हिमांशूनं डब्याचा पत्रा उचकटून काढला. आत पांढरी घट्ट वीट होती आणि विटेतून मुलीची पोटरी वर आली होती. त्यानं छिन्नी घेतली, पण लगेच मारली नाही. विटेभोवती फिरून कुठून फोडली तर साचा वाचेल, ते तो बघू लागला.

"सर, निघंल का आता?"

"हलू नकोस. अजिबात. हललीस की बोटं तुटतील."

मुलगी पांढरीफटक पडली.

"साच्यातली गं," तो हसला.

छिन्नी बसू लागली. एक टवका, थांबून निरखणं, मग दुसरा. उमा दारात जाऊन उभी राहिली आणि परत आली. तिनं एकदा "हिमांशू," एवढंच म्हटलं. त्यानं "हं" केलं आणि तो छिन्नीला धार आहे का ते अंगठ्यानं पाहू लागला. दोन ठोक्यांच्या मध्येच प्रांजलीनं स्टुलाची कड सोडली. तिचा सगळा देह खाली बसल्यासारखा झाला. कपाळावर घाम होता, पण चेहरा शांत होता.

"आता बरंय, मॅडम. आता कायच लागंना."

"बघ, म्हटलं नव्हतं?" उमा म्हणाली.

साचा अखेर दोन नीट तुकड्यांत उघडला. हिमांशूनं दोन्ही तुकडे छातीशी धरून खिडकीपाशी नेले आणि तो आतल्या पोकळीत डोकावू लागला. उमानं पाय मांडीवर घेतला. नळ येऊन सहा दिवस झाले होते, टाकीत तळाचं पाणी उरलं होतं. तिनं एक मगभर आणून पायावर ओतलं आणि फडक्यानं प्लास्टरची भुकटी पुसली. भुकटी गेली. पायाचा पांढरेपणा गेला नाही. तिनं पुन्हा पुसलं.

"उमा, इकडे ये," खिडकीपाशी हिमांशू कुजबुजत होता. "बोटं बघ. बोटं बघ फक्त."

प्रांजलीनं पोहे खाल्ले नाहीत. चप्पल हातात घेऊन ती रिक्षात बसली आणि जाताना "थँक्यू, मॅडम," म्हणाली.

चौथ्या दिवशी रामप्रसाद सर आले. तोवर साच्यातून पाय ओतून झाला होता आणि तो टेबलावर खिडकीच्या उजेडात ठेवला होता. सर बोलायच्या तयारीनं आत आले आणि पाय दिसताच बोलायचं विसरले. ते टेबलाभोवती फिरले. मग खाली वाकले.

पाचही बोटं आत वळून पाचरीच्या लाकडात रुतली होती. अंगठ्याचं पेर इतकं ताणलं होतं, की कातडीखालची शीर मोजता येत होती. पाऊल जागेवर होतं आणि तरीही जागा सोडून निघालं होतं.

"दोन वर्षं," सर म्हणाले. "दोन वर्षं सांगायलो पोरीला, बोटं रोव, बोटं रोव. एकदा केलं नाही असं. आता पळतंय हे, हिमांशू सर. मानलं आपन."

हिमांशूनं मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले होते.

मग सर खुर्चीवर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून ज्यासाठी आले होते ते त्यांनी सांगितलं. प्रांजली दवाखान्यात होती. संध्याकाळपर्यंत पायाला फोड आले, रात्रीतून कातडी सुटली. मांडीची कातडी काढून लावावी लागणार होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ठेवता येईल का, ते डॉक्टर अजून सांगत नव्हते.

"ती म्हनती, प्लास्टरनं भाजलं. पन तिच्या कॉटखाली वीट निघाली, मॅडम. टाच दुखली की ही पोट्टी वीट तापवून शेक घ्यायची. मी सक्त बंद केलं होतं. म्हनून तुम्हाला विचारायला आलो. आपल्या कामात लागलं असंल, तर खर्च अकादमीचा आन् जागा तिची राहती. एक वर्षानं का होईना, पळंल. पन नियम मोडून भाजून घेतलं, वर तुमच्यावर घातलं, तर मला घरी पाठवावं लागंल. संस्थावाले ऐकायचे नाहीत."

"इथं ती एक शब्द बोलली नाही," हिमांशू म्हणाला. "निघेल का, एवढंच विचारलं. ते कुणीही विचारेल. उमा होती ना इथं. हो ना गं?"

उमानं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता, टेबलावरच्या पायाकडे पाहत होता.

"तुम्ही केमिस्ट्रीच्या," सर म्हणाले. "तुम्ही म्हनाल ते मी धरतो. एवढं तापतं का हे?"

दरवर्षी उमा कॉलेजात फळ्यावर ते समीकरण लिहायची. डाव्या बाजूला प्लास्टर आणि पाणी, उजव्या बाजूला जिप्सम, आणि त्याच्यापुढं अधिक उष्णता. ते शेवटचं लिहायला निम्मी मुलं विसरत. उमा अर्धा गुण कापायची.

"सर, हाड मोडलं की डॉक्टर हेच लावतात," ती म्हणाली. "लहान मुलांनासुद्धा."

त्यात खोटं काहीच नव्हतं. दवाखान्यातला थर बोटभर जाडीचाही नसतो आणि इथं डबा भरून होता, हे तिला कुणी विचारलं नाही.

सरांनी टोपीची कड चोळली. "व्हय," ते म्हणाले. "माझ्या पोराला लावलं होतं मागं. खरं हाय." उठताना त्यांनी पुन्हा एकदा वाकून बोटं पाहिली.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका दुपारी फाटक वाजलं. हिमांशू ओतकामाच्या कारखान्यात गेला होता. दारात खांद्यावर घोंगडी टाकलेला, उन्हानं रापलेला माणूस उभा होता. त्यानं वहाणा फाटकाबाहेर काढल्या होत्या.

"मी मुंजाबा. प्रांजलीचा बा."

उमानं खुर्ची पुढं केली. तो भिंतीशी असलेल्या पोत्याला टेकून फरशीवर उकिडवा बसला. पाणी दिलं, ते त्यानं वरून प्यायलं आणि तांब्या उपडा करून ठेवला.

"पोरीला न्यायला आलतो. सिडकोच्या स्टँडवर तिच्या मायपाशी बसवली. चारची सोयगाव गाडी हाय. दोन बोटं काढली. तिसरं वळंना."

"वाईट झालं, काका."

"वाईट तर झालंच. त्याचं कायी नाय. पाय मोडलेली मेंढी बी आमी ठिवतो, तिला कुनी टाकीत नाय." त्यानं टेबलाकडं पाहिलं. टेबलावर ओल्या फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. त्यानं ते काय म्हणून विचारलं नाही. "पन सर म्हनले, खोटी हाय. खोटारडी म्हनून काढली तिला. बाई, माझी पोर लई गोष्टी करती. उलटं बोलती, घरात पळून धान्याची रास सांडती. खोटं नाय बोलत. आठ दिस झाले, ती जेवंना, निस्ती म्हनती, बा, मी मॅडमला सांगितलं होतं. गरम लागायलंय म्हनून सांगितलं होतं."

उमा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. घट्ट, मग सैल, मग घट्ट.

"दवाखान्यात पण हेच लावतात, काका," ती म्हणाली.

"आसंल. मी कायी शिकलेला नाय." मुंजाबानं घोंगडी बाजूला ठेवली आणि उजवी बाही कोपरापर्यंत सारली. हात सुकलेल्या बाभळीसारखा होता. "म्हनून सोपं सांगतो. तसंच पीठ कालवा, तेवढंच पानी घ्या. मी हात घालतो. तुमी म्हनाल तवर काढीत नाय. नाय तापलं, तर पोरीच्या दोन मुस्काटात देतो आन् गुमान घरला जातो. तापलं, तर तुमी सरांला एक फोन करा. पैका नगं मला, कायी नगं. तिची जागा तेवढी ठिवा म्हनावं."

घड्याळात पावणेतीन झाले होते. हिमांशू सहाशिवाय येणार नव्हता. सोलरचं पाणी या वेळी चांगलं कढत असे.

"प्लास्टर संपलंय, काका," उमा म्हणाली.

ज्या पोत्याला मुंजाबा टेकला होता, ते प्लास्टरचंच होतं. त्यावरची अक्षरं इंग्रजी होती.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात जनावराचे दात बघतात तसं, शांतपणे, उलगडून. मग त्यानं बाही खाली ओढली.

"बरं," तो म्हणाला. "संपलं तर संपलं." उठताना त्यानं त्याच पोत्यावर हात टेकला. त्याच्या पाठीला आणि तळव्याला पांढरी भुकटी लागली होती. फाटकाबाहेर वहाणा घालून तो चौकाकडे चालू लागला. उमा तो वळेपर्यंत पाहत राहिली. त्यानं मागं पाहिलं नाही.

मार्चच्या पहिल्या सोमवारी कॉलेज सुटल्यावर तिनं प्रयोगशाळेच्या कपाटातून एकशे दहा अंशांपर्यंतचा तापमापक घेतला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. हिमांशू अकादमीत होता. त्या दिवशी पुतळा चौथऱ्यावर चढत होता आणि दर अर्ध्या तासानं तो फोटो पाठवत होता. क्रेनचा पट्टा छातीभोवती. पुतळा हवेत. मग अगदी जवळून घेतलेला उजवा पाय, पाच बोटांचा, खाली लिहिलेलं : सगळे इथंच थांबतायत.

उमानं फोन उपडा ठेवला. तेलाचा दुसरा डबा घेतला, त्याचा वरचा पत्रा कापला, डबा आडवा ठेवला. भिंतीजवळचं पोतं फोडलं. न्हाणीघरातून सोलरचं पाणी आणलं, गार घातलं, आणि या वेळी कोपर न बुडवता त्याचं तापमान पाहिलं : चाळीस. प्लास्टर कालवून डब्यात ओतलं. तापमापकाला व्हॅसलिन लावलं, पट्टीला बांधलं आणि पारा अगदी मधोमध येईल असा उभा केला. मग स्टूल ओढून ती समोर बसली आणि नोंदी घेऊ लागली.

पारा आधी सावकाश चढला, मग भराभर. एक्काहत्तर अंशांवर तो थांबला. साठच्या खाली यायला त्याला सव्वीस मिनिटं लागली.